साठ जाकिटं आणि एकशे ऐंशी ओरखडे

मी काचेतला पुतळा बोलतोय. तुम्ही म्हणाल, तुला पाहिलंय आम्ही. खोटं. तुम्ही काचेत स्वतःचे केस पाहिलेत, आणि कुणी बघतंय असं वाटल्यावर घाईघाईने माझ्या शर्टाकडे नजर वळवलीत. असू दे. एकतीस वर्षं झाली, सगळे असेच वागतात. मी राग धरत नाही. धरला तरी चेहऱ्यावर हसू रंगवलेलं आहे, कळणार कुणाला?

आमच्या साच्यातून दोनशे भाऊ निघाले, पण मिशी फक्त मला. रंगाऱ्याचा हात घसरला आणि ओठावर काळा फराटा उठला. चूक लपवायला त्याने दुसऱ्या बाजूलाही तसाच ओढला. त्या मिशीमुळेच मालकांनी मला निवडलं. "हा आपल्यातला वाटतो," म्हणाले.

दुकान तेव्हा एका शटरचं होतं. पुढे कपडे, मागच्या कोपऱ्यात शिवणयंत्र आणि यंत्रामागे मास्तर, म्हणजे दुकानाचे शिंपी. मास्तरांची एक सवय होती. आलेल्या मालातला प्रत्येक कपडा उलटा करून बघायचा आणि कुठे उसवलेलं, फाटलेलं दिसलं की गुपचूप दुरुस्त करायचा. गुपचूप अशासाठी, की सांगितलं तर मालक कारखान्याला फोन करून ओरडणार आणि मग दिवसभर पित्ताने हैराण होणार. हळूहळू दुकानाचं नाव झालं, यांचा कपडा उसवत नाही म्हणून. एकाची दोन दुकानं झाली, दोनाची पाच, आणि बघता बघता अकरा. "कारखाना निवडायला नजर लागते," असं मालक ज्याला त्याला सांगत. मास्तर मान खाली घालून शिवत असत.

नव्या दुकानांत नवे पुतळे आले, सगळे बिनडोक. मी कुणाला नावं ठेवत नाही, त्यांना खरोखरच डोकी नाहीत.

मग मालक थकले आणि कारभार त्यांच्या मुलीकडे, आमच्या ताईंकडे आला. ताई माझा पाय धरून चालायला शिकल्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला वाकडं बोलवत नाही. तरुण गिऱ्हाईक दुकानात फिरकेना, तेव्हा त्यांनी डोकं लढवलं. अ‍ॅनिमेतल्या वीरांचे कपडे विकायचे, तेही ती चित्रं काढणाऱ्या कंपनीशी रीतसर करार करून. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून. पण कार्टून म्हणू नका, ताईंना झोंबतं.

उडत्या कासवाचे शर्ट आले, हातोहात गेले. रडक्या ड्रॅगनचे मोजे आले, तेही गेले. मग सगळ्यात मोठा सौदा ठरला, बोकावीर. अर्धा माणूस, अर्धा बोका, केस निळे. पहिली विक्री आमच्याच जुन्या दुकानात व्हायची होती आणि काचेत बोकावीर म्हणून मी उभा राहणार होतो.

"याची मिशी पुसा," ताई म्हणाल्या.

"अगं, बोका आहे ना? त्याला मिशी हवीच," मालक म्हणाले.

"बाबा, तुम्ही घरी जाऊन पडा जरा."

मिशीवर रंग फासला गेला. चार दिवसांत ती खालून पुन्हा डोकावायला लागली, तो भाग वेगळा.

त्याच आठवड्यात ताई मास्तरांपाशी गेल्या. मास्तरांच्या कोपऱ्यात ताईंना फोटो काढायची जागा करायची होती, मागे बोकावीराचा डोंगर वगैरे. "मास्तरकाका, आता कुणी कपडे दुरुस्त करत नाही हो, सरळ नवे घेतात. महिनाअखेरीपासून तुम्ही आराम करा. खूप राबलात."

"बरं," मास्तर म्हणाले. बस, एवढंच. मग त्यांनी दोरा सुईत ओवायला घेतला आणि तो सात वेळा चुकला. मी मोजलं. मला फार वाईट वाटलं.

रंगकामासाठी दुकान पाच दिवस बंद राहिलं आणि मला मास्तरांच्या कोपऱ्यात आणून ठेवलं. तिथेच बोकावीराच्या साठ जाकिटांची खोकी आली. सवयीप्रमाणे मास्तरांनी पहिलं जाकीट उलटं केलं. डाव्या बाहीवर तीन लांब चिरा. दुसरं काढलं, तेच. तिसरं, तेच.

"बुडाली की पोर," मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले. "एवढा मोठा सौदा आणि कारखान्याने फाटका माल गळ्यात मारला. तिला सांगायचं नाही बरं का, धसका घेईल."

मी कुणाला सांगणार, कप्पाळ? मास्तरांनी चष्मा पुसला आणि रफू करायला बसले. पाच दिवस पाठ टेकली नाही. साठ जाकिटं, एकशे ऐंशी चिरा. आणि काय रफू! बाही सूर्यासमोर धरली तरी टाका दिसेना.

विक्रीच्या सकाळी बाहेर निळ्या केसांची रांग लागली. आत कंपनीच्या बाई आल्या, हातात फाइल आणि मोजपट्टी. त्यांनी सही केल्याशिवाय एक बटणसुद्धा विकता येत नव्हतं. बाईंनी माझ्या अंगावरच्या जाकिटाची डावी बाही पाहिली, मग चित्र पाहिलं, मग पुन्हा बाही.

"बोकावीराचे तीन ओरखडे कुठे आहेत?"

ताईंनी जाकीट उलटं केलं, सुलटं केलं. दुसरं काढलं. दहा काढली. चेहरा पांढराफटक.

"शोधू नका, ताई, सापडायचे नाहीत," कोपऱ्यातून मास्तर म्हणाले. आवाजात अशी ऐट मी एकतीस वर्षांत ऐकली नव्हती. "साठही बाह्या फाटून आल्या होत्या. मी रफू केल्या. तुम्हाला काळजी नको म्हणून बोललो नाही."

"मास्तरकाका," ताई खाली बसल्या. "त्या मुद्दाम फाडलेल्या होत्या."

"मुद्दाम? नवं जाकीट?" मास्तरांनी विक्री बघायला आलेल्या मालकांकडे पाहिलं. मालकांनी आढ्याकडे पाहिलं.

"कात्रीने कापू का?" ताईंनी विचारलं.

"कात्री सरळ जाते, बोक्याचं नख नाही," बाई म्हणाल्या. "होते तेच ओरखडे पाहिजेत. नाहीतर मी निघते."

होते तेच, पण होते कुठे? ते एकालाच माहीत होतं. मास्तरांनी डोळे मिटून अंगठा बाहीवरून फिरवला. एका जागी थांबले. सुईने एक धागा उचलून ओढला, आणि चर्र करून ओरखडा उघडला. स्वतःची दाढ स्वतः उपटावी तसा चेहरा झाला होता बिचाऱ्यांचा. बाईंनी पट्टी लावली, मान हलवली, सही केली.

बाकीची जाकिटं रांगेसमोरच उघडत होती. पोरं श्वास रोखून बघत होती. मांजराचे कान लावलेली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही शिंपी आहात? खरेखुरे?"

"हो, बाळा."

तिने पिशवीतून लोंबकळणारं शेपूट काढलं. "हे मी घरी शिवलंय, पण सारखं तुटतं. लावून द्याल?"

बघता बघता मास्तरांसमोर दुसरी रांग लागली. कुणाचा पंख उसवलेला, कुणाचा झगा फाटलेला, एका उंच दांडगट ड्रॅगनची तर पाठच उघडी पडली होती. सगळ्यांचे वेश घरी शिवलेले, आणि घरी शिवलेलं किती टिकतं ते मी सांगायला नको. जाकिटं दुपारीच संपली. शेपटांची रांग संध्याकाळपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार डोंगराचं माप घ्यायला आला. टेप घेऊन सरळ कोपऱ्यात शिरला.

"तिथे नाही," ताई म्हणाल्या. "ती जागा मास्तरकाकांची आहे. डोंगर दुसरीकडे बघू."

मास्तरांनी मान वर केली नाही. फक्त सुई बोटात रुतली. मी आलो त्या दिवसापासून त्यांना कधी सुई टोचलेली मी पाहिली नव्हती. ताई खाली बसल्या आणि त्यांनी मास्तरांचं बोट धरलं.

आता माझी हालत ऐका. काचेत मी अजून बोकावीर आहे. रोज संध्याकाळी घरी जाताना मास्तर माझ्या बाहीकडे बघतात, त्यांना राहवत नाही, आणि ते तीन टाके घालून जातात. रोज सकाळी ताई येतात, कपाळाला हात लावतात आणि ते उसवतात. दोघंही याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. बाहीचा पार चोथा झालाय. तुम्ही कधी या रस्त्याने आलात तर केस बघून झाल्यावर आत डोकवा आणि दोघांना समजवा. पण फार समजवू नका.