पाऊण वार

अराबाने टेप पुन्हा पहिल्यापासून लावली. जेवणाच्या टेबलावर कापड सरकवत, घडी उलगडत ती शेवटच्या टोकाला पोहोचली आणि आकडा पुन्हा तोच निघाला. सव्वापाच वार. कापड सहा वारांचं असायला हवं होतं.

घानाच्या किनाऱ्यावर, टाकोराडीत, तिचं शिवणाचं दुकान होतं. मापल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही, हा नियम तिने वीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता, गिऱ्हाईक चर्चच्या पाद्र्याची बायको असली तरी. त्यातून हे कापड आईचं. गडद निळं, मेणछाप, त्यावर ठिपक्यांची एकात एक वर्तुळं. या नक्षीला सगळा किनारा ‘विहीर’ म्हणतो. अडतीस वर्षं ते आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांमध्ये, न शिवता पडून होतं. अराबाला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. न कापलेलं कापड ही बाईची पुंजी, हे तिथल्या पोरींना चालायच्या आधी कळतं.

आईला जाऊन रविवारी वर्ष होत होतं, म्हणून ती माहेरी सॉल्टपाँडला आली होती. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, मग घरी जेवण, आणि त्या दिवशी सगळ्यांनी अंगावरचं काळं उतरवायचं. त्याआधी बाबांच्या खोलीला पडदे करायचे असं अराबाने ठरवलं होतं. त्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू नुकताच काढला होता, आणि त्यांची खिडकी नेमकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर समुद्रावरचं ऊन थेट तोंडावर येई. कापड मान्सा मावशीने आपणहून काढून दिलं होतं. आईच्या वस्तू आईच्या माणसांच्या, नवऱ्याचा त्यात एक धागाही नाही, अशी तिथली रीत. आईची ट्रंक तिच्या धाकट्या बहिणीकडे गेली होती, आणि मावशीचा हात तसा काही सैल नव्हता. तरी ती म्हणाली, ‘विहीर’ घे, त्याचेच पडदे कर. अराबाला बरं वाटलं होतं.

बाबांना मात्र बरं वाटलेलं नव्हतं. पडद्याचं कानावर आल्यापासून त्यांचा चेहरा उतरला होता. “ते कापू नकोस,” एवढंच ते सकाळी म्हणाले. का, असं विचारल्यावर चष्म्याची काच पुसत बसले.

“सव्वापाच भरतंय,” अराबा म्हणाली.

मान्सा मावशी दाराशी बुटक्या स्टुलावर रविवारच्या रश्शासाठी शेंगदाणे सोलत होती. तिचे हात थांबले आणि ती हसली.

“तुझ्या बापाला विचार. माफीसुद्धा पाऊण वार कमीच आणली म्हणायची.”

अराबाचा बाप, क्वामिना, समोरच बसला होता, चार हातांवर. पण मावशी त्याच्याशी थेट कधी बोलत नसे. जे सांगायचं ते अराबाला, भिंतीला, नाहीतर कोंबड्यांना सांगायची, आणि त्याने ते ऐकायचं. तिच्या या तऱ्हेचं घरात कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

“माफी कसली?” अराबाने विचारलं.

मग मावशीने सांगितलं. वर्षानुवर्षं तोंडाशी आलेलं, बहिणीच्या भिडेपोटी गिळलेलं. अराबा तेव्हा दोन वर्षांची होती आणि क्वामिना तार्क्वाला सोन्याच्या खाणीवर कामाला. तिथे त्याने दुसरी बाई ठेवली होती. ते एक वेळ सोड, मावशी म्हणाली, खाणीवर जाणारे निम्मे तेच करत. पण त्याच वर्षी अराबाची आजी गेली. सासूच्या शवपेटीत ठेवायचं कापड, उशी, चटई जावयाने आणायची असते. सगळं गाव तेवढ्याचसाठी जावयाची वाट बघत थांबतं. दोन दिवस थांबलं. मग अजोआने, अराबाच्या आईने, आपल्याच अंगावरचं कापड सोडून आईच्या पेटीत घातलं आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून बसली.

“तीन महिन्यांनी आला तुझा बाप. एक बाटली, एक मेंढी आणि हे कापड घेऊन. नाती जोडायला.”

पुढचं सांगायची गरज नव्हती. चुकलेल्या नवऱ्याने बायकोसाठी कापड आणायचं, तिने ते ठेवून घ्यायचं. पण ठेवून घेतलं म्हणजे माफ केलं असं नाही. बायको ते शिवून, अंगावर घालून रविवारी चर्चला गेली, चार जणांनी पाहिलं, की भांडण मिटलं. अजोआने ते शिवलंच नाही. एका घरात राहिली, आणखी तीन मुलं झाली, नवऱ्याला गरम जेवायला घातलं. पण ‘विहीर’ अंगाला लावली नाही. सगळ्या सॉल्टपाँडला हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त अराबाला, जी आईची पुंजी म्हणून त्या ट्रंकेकडे आदराने बघत आली होती.

“सहा वार होते,” क्वामिना म्हणाला. “कुमासीच्या बाजारात मी उभं राहून मोजून घेतले.”

“ऐकलंस अराबा? कापड मोजायला वेळ होता. आमची आई पुरायला नव्हता.”

मावशीचा हात एकाएकी का सैल सुटला, हे अराबाला आत्ता कळलं. ते पडदे उन्हासाठी नव्हतेच. म्हाताऱ्याला नवे डोळे आले होते, आणि त्या डोळ्यांना रोज उठून पहिल्यांदा काय दिसावं, हे मावशीने ठरवून टाकलं होतं. अराबाला मावशीचा राग आला, आणि लगेच बाबांचाही. ती कापडाची घडी घालू लागली.

“घडी कशाला घालतेस?” मावशी म्हणाली. “पडदे होणार.”

“कापायचं असतं तर तिनेच कापलं असतं,” क्वामिना म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. “तिचं उत्तर आहे ते. अख्खंच राहू दे.”

अराबा उठून बाबांच्या खोलीत गेली. राग आला की ती साफसफाई काढायची, हा गुण आईकडून आलेला. तिने गादी उचलून अंगणात नेली, मग उशी उचलली. उशीत सावरीच्या कापसाचे गोळे झाले होते. उन्हात घालायची तर कापूस मोकळा करायलाच हवा. तिने अभ्रा काढला. आत मांजरपाटाची दुसरी खोळ होती, चारी बाजूंनी हातशिलाईने बंद केलेली. दुहेरी दोरा, आणि दर चार बोटांवर गाठ. ही शिलाई तिने कुठेही ओळखली असती. आई मशीनवर कधी विश्वास ठेवत नसे.

अराबाने एक बाजू उसवली. मांजरपाटाच्या आत निळं दिसलं.

तिने बाकीच्या तिन्ही बाजू उसवल्या, मांजरपाट सोलून काढलं आणि अंगणातल्या उन्हात उभी राहिली. तेलाने आणि घामाने डागाळलेली, मधे मधे विटलेली, पण ठिपक्यांची वर्तुळं शाबूत होती. कात्री वाकडी चालली होती. मासे साफ करायच्या कात्रीने कापलं असावं. तिने आत येऊन टेबलावरचं कापड पाहिलं. त्याचंही एक टोक तसंच वाकडं होतं. सकाळपासून दोनदा ते टोक तिच्या हातात आलं होतं, आणि तिला वाटलं होतं उंदराने कुरतडलं.

कापूस काढून तिने ती निळी खोळ बाबांच्या मांडीवर ठेवली.

क्वामिनाने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग चष्मा काढून हातानेच चाचपली.

“ही उशी मी खाण सोडून आलो त्या वर्षी केली तिने,” तो म्हणाला. “दर पावसाळ्यानंतर पुन्हा भरायची. भरायला बसली की दार लावून घ्यायची. कापूस उडतो म्हणायची.”

मग खोळ अराबापुढे धरून तो म्हणाला, “माप.”

अराबाने खोळीच्या शिवणी उसवून ती सपाट पसरली आणि टेप लावली. पन्हा पूर्ण, लांबी सत्तावीस इंच.

“किती?” मावशीने विचारलं.

“पाऊण वार.”

मावशीने शेंगदाणे बाजूला सारले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तिचा पीळ तर बहिणीच्या नावाने वळलेला होता. अडतीस वर्षं ती या घरात पाहुण्यासारखी येई आणि या माणसाच्या हातचं पाणी घेत नसे, कारण अजोआने ते कापड शिवलं नव्हतं. निदान तिला तसं सांगितलं होतं.

“मी विचारायचे तिला,” ती म्हणाली. “दर ईस्टरला. शिवलंस का गं? ती म्हणायची, नाही गं, आपल्या आईला काय वाटेल.” तिने पदराने तोंड पुसलं. “आईला नाही. मला काय वाटेल म्हणून घातलं नाही तिने.”

क्वामिना खोळीवरून हात फिरवत होता, आणि त्याच्या नव्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टरांनी डोळ्यांवर ताण नको म्हटलं होतं. अराबाने त्याला थांबवलं नाही.

मावशी उठली. गुडघे धरून, दाराची चौकट धरून, हळूहळू. टेबलाशी आली, ‘विहीर’ची घडी पुन्हा उलगडली आणि खांद्यापाशी धरून बघितली.

“माझ्या पोलक्याला किती लागेल?”

“दोन वार,” अराबा म्हणाली. “बाह्या मोठ्या हव्या असतील तर सव्वादोन.”

“मोठ्याच हव्यात. रविवारपर्यंत होईल?”

“होईल.”

“मग माप घे,” मावशी म्हणाली आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभी राहिली. अराबाने गळ्यातली टेप काढून तिच्या पाठीवरून फिरवली. छाती, खांदे, दंड. मावशी सगळा वेळ समोर खुर्चीकडे बघत होती.

“दाजी,” ती म्हणाली. क्वामिनाने मान वर केली. “पडदे जरा आखूड होतील तुमचे. चालेल ना?”