अधांतरी बैठक

गुन्हा तुमचा आहे, सर. तुम्ही तो भर वर्गात, हसत हसत केलात आणि वर त्याला शिक्षण म्हणालात. माफी मात्र तिनं मागायची! थांबा. आधी काय घडलं ते सगळ्यांना कळू दे, मग तुमच्याकडे येऊ.

डिझाइन कॉलेजचं पहिलं वर्ष. स्टुडिओत काम दिलं होतं ते असं: नालीदार पुठ्ठ्याची खुर्ची करा. गोंद नाही, टेप नाही, खिळा नाही. पुठ्ठ्याला खाचा पाडायच्या, तुकडे एकात एक अडकवायचे आणि वर माणूस बसला तरी खुर्ची उभी राहिली पाहिजे. मुलं कामाला लागली. कटरनं बोटं कापली, टेबलांखाली पुठ्ठ्याची कात्रणं घोट्यापर्यंत साचली. कच्च्या खुर्च्या तयार झाल्या त्या दिवशी सर हात चोळत आले.

"आता टेस्टिंग! आपल्यात सगळ्यात भरभक्कम कोण?"

माना वळायला लागल्या, तोवर तिनं स्वतःच हात वर केला होता. शाळेपासूनची सवय. लोकांनी बोट दाखवायच्या आत आपणच दाखवायचं आणि हसायचं, म्हणजे जरा कमी लागतं. वर्गात तिला क्विंटल म्हणत. ते नावही तिनंच पहिल्या आठवड्यात सगळ्यांना फुकट वाटलं होतं.

"शाब्बास!" सर म्हणाले. "हिच्याखाली जी टिकली ती कुठंही टिकेल."

दोघांनी वाळूच्या पिशव्या भिंतीकडे सरकवून मध्ये जागा केली आणि ती एकेका खुर्चीवर बसत गेली. पहिली कचकन दुमडली. दुसरी कलली आणि तिला घेऊनच आडवी झाली. वर्ग टाळ्या पिटत होता.

"क्विंटल, माझ्या खुर्चीवर दया कर गं!"

"अरे, ॲम्ब्युलन्स बोलवा! हिला नको, खुर्चीला!"

तीही हसली. फरशीवर बसल्या बसल्या, पँटची शिवण मागून उसवली आहे हे हाताला कळत असताना, ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. मग जॅकेट कमरेला गुंडाळून पुढच्या खुर्चीकडे गेली.

संध्याकाळी आईनं पँट उलटी करून पाहिली. "कुठं आपटलीस?"

"स्टुडिओत. पुठ्ठ्यात अडकली."

"बसायच्या जागेची शिवण पुठ्ठ्यात अडकते होय?"

"आई, शिव ना गुपचूप."

आईनं दोरा दुहेरी घेतला. मग म्हणाली, "तिथं शिकवतात तरी काय?"

"भार कसा पेलायचा ते."

"आणि तुला आलं?"

हिला काय सांगायचं? वर्ग पेलायला शिकतोय आणि भार मी आहे, हे आईला कोणत्या तोंडानं सांगायचं? ती उठून आत गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

त्यानंतर तिनं एक विद्या कमावली. बसायचं नाही, पण बसल्यासारखं दिसायचं. टाचा फरशीत रोवायच्या, मांड्या ताठ करायच्या, बूड नुसतं टेकवायचं आणि चेहरा असा ठेवायचा की बाईसाहेब बागेत हवा खाताहेत. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तिनं याचा सराव केला. खुर्च्यांचा पुळका आला होता असं नाही. तिला पुन्हा फरशीवर पडायचं नव्हतं, एवढंच.

पक्क्या खुर्च्यांना मार्क मिळायचे होते त्या दिवशीही बसायला तीच होती. सरांनी तिची खुर्ची आधी तपासली. स्वतःच्या खुर्चीवर मात्र ती सगळा जीव सोडून बसली. खुर्ची हूं की चूं करेना. सरांनी "ठीक" म्हणून कागदावर टिक केली.

मग चश्मिशची खुर्ची आली. चश्मिश शेजारच्या टेबलावर काम करायची आणि वर्गात तिला क्विंटल न म्हणणारी तेवढी एकटीच. तिच्या खुर्चीची पाठ अशी सुरेख वळवलेली की बघत राहावं. पण क्विंटलनं वाकून खाली पाहिलं. पुढच्या पायांत पुठ्ठ्याच्या आतल्या बारीक नळ्या आडव्या पडल्या होत्या. नळ्या उभ्या असल्या तर भार घेतात, आडव्या असल्या तर चपट्या होतात. चश्मिशलाही ते कळलं होतं, फार उशिरा.

"जरा सांभाळून हं," ती ओठ न हलवता पुटपुटली.

क्विंटल बसली. म्हणजे टेकली. मांड्यांना कापरं भरलं, तरी चेहरा बागेतच.

"वा! क्विंटलला पेललं हिनं!" सर खूश झाले. "सगळ्यांत उत्तम खुर्ची!" आणि फोटोसाठी स्वतःच ऐटीत त्या खुर्चीवर बसले.

सर अंगानं अगदी काडी. तरी खुर्चीनं पुढचे पाय मोडले आणि त्यांना थेट गुडघ्यांवर आणलं.

टाळ्या पडल्या नाहीत. ॲम्ब्युलन्सही कुणी बोलावली नाही.

सर उठले, गुडघे झटकले आणि तिच्याकडे वळले. "तू बसलीच नव्हतीस."

ती मोडके पाय उचलायला वाकली.

"फसवलंस आम्हाला. हिला शून्य. तुलाही शून्य, कारण तुझ्या खुर्चीवर तरी बसलीस कशावरून? आता सगळ्यांसमोर माफी माग."

तिनं चश्मिशकडे पाहिलं. चश्मिश चष्मा पुसत होती. पुसतच राहिली. क्विंटलचे कान तापले. जमिनीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. सवयीनं हसू ओठांवर यायला लागलं, हातही अर्धा वर गेला. तेवढ्यात नजर भिंतीकडे गेली.

"सर, त्या पिशव्या कशाला आणल्यात?"

"टेस्टिंगला. विषय बदलू नकोस."

"प्रत्येकीवर वजन छापलंय, सर. आणि पिशवी पडली तर तिला आईशी खोटं बोलावं लागत नाही." अर्धा वर गेलेला हात तिनं खाली घेतला. "पहिल्या दिवशी मी हात वर केला, तेव्हा तुम्ही 'खाली घे' का नाही म्हणालात?"

सरांनी घड्याळात पाहिलं. "पुढची खुर्ची आणा," ते म्हणाले.

कुणी हललं नाही. ती अजून तिथंच उभी आहे, सर. कान लाल, मान खाली, मांड्यांतलं कापरं थांबायचं नाव घेत नाही, पण उभी आहे. वाळू होती, तर तुम्हाला मुलगी कशाला लागली? घड्याळ राहू द्या. तिच्याकडे बघा आणि बोला.