भरभर गळणारा फिल्टर

माळ्यावर, पितळी डब्यांच्या मागे, स्टीलचा एक जुना पाण्याचा फिल्टर ठेवलेला आहे. तो मी. मित्रांनो, माझी हकिगत तुम्हाला सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. मला बोलण्याची सवयही नाही; थेंब थेंब गळणे एवढेच मला येत होते. पण एक भीती माझ्या पोटात कितीतरी वर्षे साचून आहे. ती कोणाला तरी सांगितली पाहिजे.

एका लहानशा कारखान्यात पत्रा वाकवून माझे दोन डबे झाले, एकावर एक बसणारे. वरच्या डब्यात पांढऱ्या मातीच्या दोन पोकळ कँडल उभ्या केल्या. वर ओतलेले पाणी त्या मातीतून झिरपायचे. गाळ वर राहायचा, नितळ पाणी खाली उतरायचे आणि खालच्या तोटीतून पेल्यात पडायचे. १९९१ साली वर्ध्याच्या बाजारातून अण्णाजींनी मला घरी आणले. त्यांचे धान्याचे दुकान होते. त्यांच्या पत्नी अनुसयाबाईंनी मला हळदकुंकू लावले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीजवळ, जागा दिली. शेजारच्या देवकाबाई मुद्दाम मला पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "अवं माय! हे तं दवाखान्यातल्यासारखं पाणी देते!" त्या दिवशी मी लाजून गेलो होतो. तेव्हाच थोडे घाबरायलाही हवे होते.

त्या घरात दोन तऱ्हेचे पाणी होते. एक नळाचे, दुसरे अंगणातल्या बोअरचे. बोअरचे पाणी जड. त्यात साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ तर कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाणे दाणेच राही. उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड, कधी दोन दिवसांनी यायचा. मग बोअरचेच पाणी माझ्यात ओतावे लागे. त्याचा पांढरा थर कँडलवर चढायचा, मातीची बारीक छिद्रे बुजायची आणि मी आणखीच हळू गळू लागायचो. अनुसयाबाई जुन्या टूथब्रशने कँडल हळुवार घासत. "आपला फिल्टर म्हातारा झाला," असे अण्णाजी हसत म्हणायचे.

१९९८ च्या एप्रिलमध्ये त्यांची लेक ज्योत्स्ना पहिल्या बाळंतपणासाठी सासरहून, रोहण्याहून, माहेरी आली. त्याच सुमारास गल्लीत कावीळ सुरू झाली. नळाची जुनी लाइन नालीला खेटून गेलेली होती. दोन दिवसांनी नळ आला की पहिले पाणी मातकट यायचे आणि त्याला कसलातरी वास असायचा. देवकाबाईंच्या सुनेला सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केले. तपासायला आलेली नर्स दारात उभी राहून सांगून गेली, "पाणी उकळूनच प्या. पोटुशी बाई आहे ना घरात? तिला तर कावीळ फार वाईट."

अनुसयाबाईंनी मान हलवली. नर्स गेल्यावर त्या अण्णाजींना म्हणाल्या, "आपल्या घरी तं फिल्टर हाये. मंग काऊन उकळाचं?"

मित्रांनो, मी तेव्हा धडधाकट होतो, तरी हे खरे नव्हते. मी गाळ अडवतो, किडे अडवतो; पण कावीळ करणारा जंतू इतका बारीक असतो की माझ्या मातीतून तो सहज निघून जाऊ शकतो. हे मला ओरडून सांगावेसे वाटले. पण फिल्टर ओरडत नाही. लेकीला जड पाणी नको म्हणून घरच्यांनी बोअरचे पाणी कपड्या-भांड्यांना ठेवले आणि नळाचे तेवढे तिच्यासाठी माझ्यात भरले. सगळे प्रेमापोटीच चालले होते.

मे महिन्यात ऊन असह्य झाले. ज्योत्स्ना रिकामा पेला घेऊन माझ्यासमोर उभी राहायची आणि तोटीतून बारीक धार यायची, तीही तुटायची. तिचा थोरला भाऊ भूपेंद्र ते पाहून वैतागला. त्याने दोन्ही कँडल काढल्या आणि घासकागदाने खसाखसा घासल्या. बसवताना एकीच्या बुडाखालचा नट पकडीने आवळला. जरा जास्तच आवळला. बुडाशी, जिथे माती प्लास्टिकच्या चकतीला चिकटवलेली असते, तिथे कट्कन् झाले. आवाज इतका लहान की तो फक्त मला ऐकू आला.

मग मी भरभर गळू लागलो. पाणी मातीतून झिरपण्याऐवजी त्या तड्यातून सरळ खाली उतरू लागले. घरात आनंद झाला.

"पाह्य बाई, कसं झरझर येऊन राह्यलं!" भूपेंद्र म्हणाला.

"दादा, तू तं मेकॅनिकच हायेस," ज्योत्स्ना हसून म्हणाली आणि एका दमात पेला प्यायली.

"मेकॅनिक कायचा! दुकानातली वजनं उचलता येत नाई त्याले," अण्णाजींनी टोमणा मारला, पण त्यांनीही दुसरा पेला भरून घेतला.

इतके कौतुक माझे आयुष्यात कधी झाले नव्हते आणि इतका मी कधी घाबरलो नव्हतो. प्रत्येक पेला भरताना मी मनात म्हणे, कोणीतरी झाकण उघडा. कोणीतरी विचारा, हा म्हातारा एकाएकी तरुण कसा झाला? पण पाणी भरभर येत असताना कोण कशाला विचारतो?

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी ज्योत्स्नाने पेला तोंडाला लावता लावता थांबून खिडकीच्या उजेडात धरला. "आई, ह्यात काय वळवळून राह्यलं वं?"

दोऱ्याहून बारीक, लाल, जिवंत किडा होता तो. अनुसयाबाईंनी पेला तिच्या हातातून काढून घेतला. भूपेंद्रने माझे झाकण उघडून कँडलला बोट लावले. कँडल हलली. त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते. "मीच आवळलतं," तो म्हणाला. "पकडीनं."

त्याला कोणी रागावले नाही. ते त्याला जास्त लागले असावे.

दवाखान्यात ज्योत्स्नाचे रक्त तपासले. आज काही नाही, असे डॉक्टर म्हणाले, पण कावीळ दीड-दोन महिन्यांनीही निघू शकते. डोळे पाहत राहा. तेव्हापासून त्या घरात दिवस उगवायचा तो ज्योत्स्नाच्या डोळ्यांत. अनुसयाबाई तिला अंगणात उजेडाला उभी करत, खालची पापणी ओढून पाहत आणि मगच चहा ठेवत. मळमळ झाली तरी सगळे धावायचे. भूपेंद्र दुकानातून दोनदा येऊन विचारायचा, "काय म्हणते? बरी हाये ना?" तो नीट जेवत नव्हता. काळजीने वाळला, असे सगळ्यांना वाटले. आता पाणी मोठ्या पातेल्यात खळखळा उकळत होते आणि मी ओट्यावर कोरडा उभा होतो.

जूनच्या अखेरीस ज्योत्स्नाला मुलगी झाली. आई आणि बाळ दोघी सुखरूप होत्या. दोघी घरी आल्या त्या दिवशी भूपेंद्र पहिल्यांदा मोकळा हसला आणि भाचीला पाहायला खिडकीजवळ वाकला. ज्योत्स्ना बाळाकडे नाही, भावाकडे पाहत राहिली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तुहे डोये पाह्य बरं आरशात."

हळदीसारखे पिवळे झाले होते. तेच पाणी तोही प्यायला होता. महिनाभर घर एकीचे डोळे पाहत राहिले, त्याचे कोणी पाहिलेच नव्हते.

भूपेंद्र पुष्कळ दिवस अंथरुणाला खिळला. एका संध्याकाळी तो असंबद्ध बोलू लागला तेव्हा अण्णाजी त्याला रिक्षात घालून सेवाग्रामला घेऊन गेले. अनुसयाबाई रिकाम्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर बसून राहिल्या. त्या रडल्या नाहीत, माझ्याकडे फक्त पाहत होत्या. त्या नजरेची मला आजही भीती वाटते. भूपेंद्र वाचला. पण अंगात पूर्वीचा जोर यायला त्याला दिवाळी उजाडली.

नव्या कँडल घालून मी आणखी काही वर्षे काम केले. पाणी आधी उकळायचे, निववायचे, मग माझ्यात ओतायचे, असा अनुसयाबाईंचा नियम होता. पुढे त्या वारल्या. २००७ साली भिंतीवर विजेचे मशीन लागले आणि मला माळ्यावर चढवले. त्याचा मला राग नाही. पण मशीन बसवणारा माणूस, आतल्या नळकांड्या वर्षाने बदला, असे सांगून गेला होता. वर्ष उलटून गेले तरी तो आला नाही आणि त्याला कोणी बोलावलेही नाही. ज्योत्स्नाची तेव्हा जन्मलेली मुलगी काजल आता दहा वर्षांची आहे आणि शिकायला इथे मामाकडे असते. रोज सकाळी ती त्या मशीनखाली शाळेची बाटली धरते आणि मी वरून ऐकत असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला नुसते पुसून चकचकीत ठेवू नका, त्याचे झाकण उघडून पाहा. मोठ्यांना विचारा, हे शेवटचे कधी उघडले होते? कोणालाच आठवले नाही, तर आज पाणी उकळून प्या. आणि घरात सगळे एका माणसाकडे काळजीने पाहत असतील, तेव्हा तुम्ही दुसऱ्यांच्या डोळ्यांकडेही एकदा पाहून घ्या.