सोंगकोलकाठची ऊब

हिमधवल शिखरांच्या ओंजळीत सोंगकोल सरोवर पहुडलेले असते. सकाळी रुपेरी, माध्यान्ही मोरपंखी, सांजेला गडद जांभळे. काठाने गवताचा अथांग, वाऱ्यासरशी लवणारा हिरवा विस्तार. आणि त्या विस्तारावर मेंढपाळांचे शुभ्र, गोल, लोकरी तंबू. किरगिझस्तानातला उन्हाळा असा उंचावर, असा निवांत, गवताच्या पात्यापात्यातून उगवतो.

त्या उन्हाळ्यात बार्शीची मृदुला तिथे आली. म्लान, मूक, मिटलेली.

बिश्केक शहरात ती वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. हिवाळ्यात वॉर्डातल्या एका वृद्धेने तिचा हात घट्ट धरला, आणि धरल्या हातानेच ती गेली. तेव्हापासून मृदुलाचे हात थरथरत. नाडी बघायला बोटे पुढे होत आणि माघारी फिरत. झोप उडाली, अन्न नकोसे झाले, घरचा फोन वाजून वाजून थांबे. शिक्षण सोडून परतायचे तिने मनाशी ठरवलेही होते. तेव्हा वर्गमैत्रीण आयजान म्हणाली, "माझ्या आईकडे चल. काही करू नकोस. नुसती राहा."

आयजानची आई बुरुल. उन्हावाऱ्याने तांबूस झालेल्या गालांची, डोईला पांढरा रुमाल बांधलेली, पन्नाशीची बाई. दर उन्हाळ्यात घोड्यांचा कळप घेऊन ती या कुरणावर येई. तिने मृदुलाला काहीच विचारले नाही. चुलीजवळची जागा दिली, जाड रजया दिल्या, समोर नान आणि घट्ट साय ठेवली. मृदुला झोपली, उठली, पुन्हा झोपली. छताच्या गोल झरोक्यातून उजेड आत उतरे, गालिच्यावरून हलकेच सरके, आणि दिवस निःशब्द मावळत.

एका दवभरल्या सकाळी बुरुलने तिच्या हाती शिंगराची दोरी दिली. घोडीचे दूध काढण्याआधी तिला पान्हा फुटावा म्हणून शिंगराला आचळाशी न्यायचे, मग बाजूला घेऊन आईच्या नजरेसमोर धरायचे. बदामी, मखमली, चंचल शिंगरू धडपड धडपड धडपडले, आणि दमून त्याने आपले कपाळ मृदुलाच्या छातीला टेकले. तिच्या तळव्याखाली त्याचे काळीज धावत होते. भरभर, उष्ण, अधीर.

मग बुरुलने दोरी आयजानकडे दिली, गुडघा टेकून चरवी मांडीवर घेतली आणि मृदुलाला जवळ ओढले. ते थरथरते हात आचळांवर ठेवले, त्यांवर आपले खरखरीत हात ठेवले. बराच वेळ काहीच आले नाही. मग चरवीत एक धार वाजली. मग दुसरी. शुभ्र, सळसळती, कोमट.

आणि मृदुलाला रडू फुटले. हिवाळाभर गोठलेले, घोडीच्या तुकतुकीत कुशीवर ओघळणारे रडू. लाजून ती उठू लागली, तशी बुरुल काहीतरी पुटपुटली.

"आई म्हणते, रडलीस तरी घोडीला चालतं," आयजानने सांगितले. "घाई चालत नाही."

मृदुला रडत राहिली आणि दूध काढत राहिली.

पुढे तिला भूक लागू लागली. आंबवलेल्या दुधाचा आंबट, धुरकट घोट आवडू लागला. हात स्थिर होत गेले, कधी ते तिलाही कळले नाही. टेकडीवर चढले की फोनला रेंज येई, एका संध्याकाळी ती चढली, आईशी पोटभर बोलली आणि शेवटी म्हणाली, "आई, मी इतक्यात परत येत नाही गं. सुट्टी संपली की वॉर्डात जाणार आहे." पलीकडून आईचा नुसता हुंकार आला, भिजलेला.

निघताना तिला शब्द सापडेना. बार्शीत लेक आईचे आभार मानत नाही. मानले तर आईलाच परके वाटेल. इथे मात्र त्यासाठी एक शब्द होता, कानांना ओळखीचा वाटणारा. रहमत. तो उच्चारून ती वाकली आणि तिने बुरुलच्या पायांना हात लावला. बुरुल गोंधळली. तिने मृदुलाला उठवले, कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, "किझिम."

माझी लेक.

दुधाची वेळ झाली होती. बुरुल निरोपाला थांबली नाही. जीप गवतातून निघाली, आणि मागे दिसत राहिली ती निळ्या पाण्याकाठची एक तांबडी घोडी, तिच्याशी वाकलेला एक पांढरा रुमाल, आणि दोघींवरून, गवतावरून, पाण्यावरून संथ, संथ वाहत जाणारे ऊन.