नव्या तेलाचे बोट

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. रंग निळा, म्हणजे एके काळी निळा होता. आता उजव्या बाजूने तो खरवडून गेला आहे आणि आतले पोलाद उघडे पडले आहे. येणारेजाणारे विचारतात, एवढी चांगली सायकल, हिला रंग का देत नाही? घरातले कोणी त्यावर बोलत नाही. म्हटले, आपणच सांगून टाकावे.

माझा जन्म फोलिन्यो गावात ओरेस्तेच्या दुकानात झाला. ओरेस्ते तोंडाचा फटकळ, पण हाताला मोठा नेटका. पोलादाच्या नळ्या तो हातात तोलून निवडायचा, कापायचा आणि पितळ वितळवून अशा जोडायचा की सांधा शोधूनही सापडू नये. मला त्याने कुणा गिऱ्हाइकासाठी बनवले नव्हते. आर्जिया ही त्याची धाकटी बहीण. तिला लहानपणापासून सायकलचे वेड. तिचे लग्न त्रेवीच्या डोंगरउतारावर ऑलिव्हची बाग असलेल्या सेत्तिमिओशी ठरले, तेव्हा भावाने हँडलच्या मधोमध तिचे नाव कोरले आणि मला तिच्याबरोबर सासरी पाठवले. सासरी सायकल घेऊन आलेली सून पाहून शेजारणींनी आठवडाभर चघळायला विषय मिळवला.

आर्जियाने मला कधी ओझे वाहायला लावले नाही. रविवारी प्रार्थना आटोपली की ती मला बाहेर काढी. त्रेवीचा चढ चढताना ती दात आवळून गप्प राही आणि माथ्यावर पोचली की मोठ्याने हसे. स्पेल्लोच्या रोमन वेशीखालचे दगड माझी हाडे खिळखिळी करीत, बेवान्याच्या चौकात कारंज्याचे पाणी पिऊन ती पुन्हा निघे. परतीच्या उतारावर दोन्ही बाजूंची ऑलिव्हची झाडे चंदेरी होऊन मागे पळत. ते माझे सुखाचे दिवस. मला वाटे, जग म्हणजे एक चढ आणि एक उतार, आणि दोन्ही आपल्या बाईच्या ओळखीचे.

या घरात तिने एक रीत सुरू केली. नोव्हेंबरात घाण्यातून पहिले हिरवेगार तेल घरी आले की ते आधी ताटात पडत नसे. आर्जिया वाटीत बोट बुडवी आणि घराचा भार वाहणाऱ्या प्रत्येकाला त्या तेलाचे बोट लावी. दाराच्या बिजागरीला, झाडाला लावायच्या शिडीला, नवऱ्याच्या गुडघ्याला, लेकीच्या कपाळाला आणि शेवटी मला, तिथे, तिच्या कोरलेल्या नावावर. मग सगळे भाजलेल्या पावावर लसूण चोळून, वर तेच तेल ओतून जेवायला बसत. बोट म्हणजे बोटच बरे का. त्याहून एक थेंब जास्त नाही.

लेक फिओरेंझा शाळेत होती तेव्हा आर्जिया आजारी पडली, आणि ते दुखणे तिला घेऊनच गेले. मला खालच्या खोलीत, ऑलिव्हची फळे झेलायला झाडाखाली अंथरायच्या जाळ्या आणि शिड्यांच्या शेजारी, खुंटीला टांगण्यात आले.

मित्रांनो, सेत्तिमिओ वाईट माणूस नव्हता. उलट तो इतका चांगला होता की त्याचीच भीती वाटावी. त्याला झाडे कळत, ट्रॅक्टर कळे, माती चिमटीत धरून पाऊस कधी येईल ते सांगता येई. सायकलवर मात्र तो जन्मात बसला नव्हता. माझ्यात आणि शिडीत त्याला फारसा फरक वाटत नसे. बायकोची रीत त्याने चालू ठेवली, पण बायको गेल्यावर त्याचे बोट थांबेना. बिजागरीतून तेल भिंतीवर ओघळू लागले. शिडीच्या पायऱ्या निसरड्या झाल्या. माझी साखळी तो वाटीतल्या तेलाने न्हाऊ घाली. दुकानातले तेल या घरात यायचे नाही असा त्याचा बाणा होता. ओरेस्ते एकदा भेटायला आला आणि माझ्या साखळीवर साचलेला चिकट काळा थर पाहून म्हणाला,

"अरे बाबा, ही सायकल आहे, सॅलड नाही."

सेत्तिमिओला ते लागले. झाडावरून पडले तर जखमेला हेच तेल, बाळाच्या कानाला हेच तेल, मग हिला का नको, असे तो पुटपुटत राहिला. ओरेस्तेने मेहुण्याच्या डोळ्यांकडे पाहिले आणि विषय सोडला. मी खुंटीवर टांगलेली असल्याने तेव्हा कुणाचे काही बिघडलेही नाही.

बिघडले ते फिओरेंझाने मला खाली उतरवल्यावर. आईचा चढ तिच्याही पायात उतरला होता. मामाकडे नेऊन तिने माझी साखळी साफ करून घेतली, ब्रेकचे रबर बदलून घेतले आणि पहाटे उठून त्रेवी चढू लागली. वर्षभरात बागेतल्या कामगारांनाही ठाऊक झाले की उतारावरून निळे काही झपकन गेले तर ती सेत्तिमिओची पोरगी. त्या नोव्हेंबरात, ऑलिव्हची तोडणी उरकता उरकता, बेवान्याच्या चौकातून मुलींची शर्यत निघणार होती. त्रेवी चढून, बागांमधून उतरून परत चौकात. जिंकणारीला मोठ्या संघात जागा मिळणार होती. फिओरेंझाचा सारा जीव त्या एका उतारात गोळा झाला होता.

आदल्याच दिवशी नवे तेल घरी आले.

सकाळी फिओरेंझा खाली आली तेव्हा सेत्तिमिओ माझ्यापुढे उकिडवा बसला होता. साखळी झाली होती. आता त्याच तेलाच्या फडक्याने तो माझी चाके पुसत होता, कडेकडेने, अगदी चकचकीत होईतो. मित्रांनो, तुम्हाला माहीत असेल, ब्रेकचे रबर त्या कडेलाच धरते. तिथे तेल म्हणजे ब्रेक नसल्यासारखेच. फिओरेंझा दारातच थबकली. तोंड उघडले आणि मिटले. सेत्तिमिओ वर पाहून हसला, आणि बायको गेल्यापासून तसा तो हसला नव्हता.

"तुझी आई असती तर तिनंच लावलं असतं," तो म्हणाला. "जा आता. बघ कशी चमकतेय."

ती मला घेऊन निघाली. कोपऱ्यावर वळल्यावर मात्र उतरून तिने स्वतःच्या बाहीने माझी चाके पुसली. पुसल्याने तेल जात नाही, फक्त पसरते. बेवान्याच्या कारंज्यावर साबण मागून धुवायचे असे तिने ठरवले होते, पण चौकात पोचतो तो सगळ्या मुली रांगेत उभ्या होत्या आणि तिचे नाव पुकारले जात होते. ती तशीच रांगेत शिरली.

चढावर ब्रेक कोण दाबतो? आम्ही माथ्यावर सर्वांच्या पुढे होतो. उतारावर मेरीमातेच्या देवळीपाशी रस्ता एकदम आत वळतो. तिने ब्रेक दाबले. रबर माझ्या कडांवरून नुसते घसरत राहिले. मी थांबायचा किती प्रयत्न केला ते मलाच ठाऊक. बांधाचे दगड माझी उजवी बाजू खरवडत गेले, मग झाड आले, आणि मग ती माझ्यापासून दूर, ऑलिव्हच्या जाळीवर पडलेली दिसली. तिच्या तोंडून ओरडणेही निघाले नव्हते.

गुडघ्याचा चुरा झाला होता. इस्पितळातून आणल्यावर जिना चढणे शक्य नव्हते, म्हणून तिची खाट खालच्या खोलीतच टाकली, माझ्यासमोर. ओरेस्ते माझा वाकलेला पुढचा भाग सरळ करायला आला. त्याने चाकाच्या कडेवरून बोट फिरवले, नाकाशी नेले, आणि त्याचा चेहरा काळा पडला. तो उठून तरातरा निघाला, तोच फिओरेंझाने त्याची बाही धरली.

"मामा, बाबांना सांगायचं नाही. ते जगणार नाहीत."

ओरेस्ते परत खाली बसला आणि त्याने माझा पुढचा भाग सरळ केला. आयुष्यात पहिल्यांदाच तो फटकळ माणूस तोंड मिटून घरी गेला.

आणि सेत्तिमिओ? काळजीने त्याचा जीव अर्धा झाला होता, आणि काळजीचा राग झाला की तो जवळच्यावरच निघतो. शर्यतीच्या नादाने पोरगी आंधळी झाली, असे तो गावभर सांगू लागला. एकदा पाय शेकता शेकता त्याने तिला विचारले, "उतारावर ब्रेक दाबायची अक्कल नव्हती तुला?"

"चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मी समोरच होते. मला तोंड असते तर मी तेव्हा किंचाळले असते. त्यानंतर घरात कामापुरतेच बोलणे उरले. गुडघा कायमचा ताठर झाला. मोठ्या संघाची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. फिओरेंझा बागेत फळांतली पाने निवडायला बसू लागली आणि माझ्याकडे पाहीनाशी झाली.

पुन्हा नोव्हेंबर आला, पुन्हा नवे तेल आले. सेत्तिमिओ वाटी घेऊन खाली उतरला. बिजागरी झाली, शिडी झाली. माझ्यापुढे तो घुटमळला. माझ्यावर त्याचा राग होता, पण आर्जियाच्या रीतीत कुणाला वगळायचे नसे. त्याने साखळी भिजवली, फडक्याने चाके पुसली आणि मला खुंटीला अडकवायला उचलले. चाक गरगर फिरू लागले. फिरत्या चाकात बोट जाईल म्हणून, बायकोला करताना पाहिले होते तसा, त्याने ब्रेक दाबला.

चाक फिरतच राहिले.

त्याने पुन्हा दाबला. मग दोन्ही हातांनी, सगळ्या ताकदीने दाबला. चाक आपल्या मनाने हळूहळू थांबले. सेत्तिमिओने हातातल्या फडक्याकडे पाहिले. त्या क्षणी त्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही.

तो मला तसाच उचलून अंगणात घेऊन गेला. फिओरेंझा जाळीवर बसून पाने वेचत होती.

"तुला ठाऊक होतं?"

तिने माझ्या ओल्या चाकांकडे पाहिले. "हो."

"आणि वर्षभर माझं ऐकून घेतलंस?"

"तुम्ही आईच्या नावानं लावत होता, बाबा. मी काय सांगणार होते?"

सेत्तिमिओ खाली मातीतच बसला आणि हुंदके देऊन रडला. नंतर त्याने बादलीभर पाण्यात साबण कालवून माझी चाके धुतली, पुन्हा धुतली, पाणी गार पडून बोटे बधिर झाली तरी धुतच राहिला. त्या दिवसापासून त्याने तेलाचे बोट कशालाच लावले नाही. बिजागरी करकरू लागली. शिडी सुकून तडकली. ताटातला पावही तो कोरडाच खाऊ लागला. मित्रांनो, खरे सांगते, त्या अपघाताइतकेच मला या घराचे करकरणे सहन होत नव्हते.

पुढच्या तोडणीला फिओरेंझा स्वतः वाटी घेऊन खाली आली. मागोमाग बापाला हाताला धरून आणले. त्याने हात मागे घेतला. तिने तो पुढे ओढला, त्याचे एक बोट तेलात बुडवले आणि माझ्या हँडलवरच्या कोरलेल्या नावावर टेकवले.

"इथं लावा, बाबा," ती म्हणाली. "इथं चालतं."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी मुकी वस्तू असेल, मुके जनावर असेल, किंवा बोलता येत असूनही गप्प बसणारे माणूस असेल, तर त्याची माया जरूर करा. पण काय हवे आहे, कुठे हवे आहे, ते एकदा विचारा. आणि तुमच्यावर कुणी चुकीची माया करत असेल, तर त्याचे मन मोडेल म्हणून गप्प बसू नका. सांगा. मला सांगता आले नाही.

त्या दिवशी तेल लावून होताच फिओरेंझाने ताठर पाय सावरत माझ्यावर टांग टाकली. अंगणापासून फाटकापर्यंत छोटासाच उतार आहे. सेत्तिमिओ नको नको म्हणत फाटकापाशी धावत गेला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. आम्ही त्याच्याकडे वेगाने निघालो. तिने ब्रेक दाबले.

मी थांबले.