मामाची केबल

केबलवाला बहिणीच्या दारात उभा होता, पण आत यायला तयार नव्हता. खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं, पट्ट्याला पक्कड, आणि चेहरा असा की कुणाचं तरी बरंवाईट झाल्याची बातमी घेऊन आलाय.

"भाऊजी, एकच सांगणं आहे," तो म्हणाला. "रविवारच्या मीटिंगमध्ये त्या इंटरनेट कंपनीचा दर तेवढा काढू नका."

त्याचे भाऊजी बिल्डिंगचे सेक्रेटरी होते. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. "अरे, असं कसं? अख्खी बिल्डिंग आली तर निम्म्या पैशांत नेट देतो, मालिका, सिनेमे, मॅच सगळं त्यातच, असं ते सांगून गेलेत. आणि फक्त मलाच सांगून गेलेत. म्हणून तर मला ते दाबून ठेवता येत नाही."

"दाबून नका ठेवू. विसरा."

स्वयंपाकघरातून त्याची बहीण हात पुसत बाहेर आली. ती इस्पितळात नर्स होती, त्यामुळे बिल्डिंगमध्ये तिला सगळे सिस्टर म्हणायचे. तिच्या मुलीने लहानपणी केबलवाल्याला मारलेली मामा ही हाक अशी चिकटली, की चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांचाही तो मामाच झाला होता.

"ताई, तू तरी सांग ना यांना."

"मी काय सांगू? आत ये आधी. जेवून घे."

"जेवायला नाही आलो मी. तीन बिल्डिंगी उरल्यात माझ्या हातात, त्यातली ही मोठी. ही गेली की उरलेल्या दोन मेंढरासारख्या मागोमाग जातील. लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीच्या बिल्डिंगने सोडली, आपण कशाला धरून बसायचं?"

सेक्रेटरींनी पेपर पुन्हा उचलला. मेहुण्याला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती आणि लोकांना फसवायचीही नव्हती. उत्तराची वाट बघून केबलवाला जिना उतरून गेला. सिस्टरने वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

तिला सगळं आठवत होतं. बिल्डिंग अर्धीमुर्धी बांधलेली असताना कंबरेला दोर बांधून त्याने पहिली वायर सोडली होती. इथला एक फ्लॅट स्वस्तात सुटतोय ही खबरही त्यानेच आणली होती. तो नसता तर हे घर नसतं. पण हल्ली तो लागोपाठ दोनदा दर वाढवून बसला होता, तक्रारीचा फोन उचलत नव्हता, आणि पडद्यावर सारख्या मुंग्या यायच्या. नवऱ्याच्या छापखान्यात आता एकच पाळी चालत होती. मुलगी शिकायला बाहेरगावी, तिच्याशी बोलायला नेट हवंच. म्हणजे नेटचे वेगळे, केबलचे वेगळे. केबलचे पैसे भावालाच जातात, म्हणून त्यावर घरात कधी कुणी शब्द काढला नव्हता.

मीटिंगच्या आदल्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, आपण हातच वर करायचा नाही. ना इकडे, ना तिकडे.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सेक्रेटरींनी केबल, डिश आणि इंटरनेट असे तिन्ही पर्याय सांगितले. काही लपवलं नाही, पण आवाज इतका खाली, की मागून कुणीतरी ओरडलं, "सेक्रेटरी, मयताला आलोय का आम्ही?"

मास्तर उठले. त्यांच्याकडे पूर्वीपासून स्वतःची डिश होती. "माझं ऐका, छत्री घ्या. कुणाच्या पाया पडायला नको. थेट आकाशातून घरात."

"आणि वारा सुटला की, मास्तर?"

"वारा सुटला की वाचन करावं."

लोक हसले, पण डिशचा विषय तिथेच संपला. प्रत्येकाने आधी खिशातून टीव्हीला जोडायचा डबा विकत घ्यायचा, छत्री बसवायचे वेगळे मोजायचे, एवढी कुणाची तयारी नव्हती. मग केबल की इंटरनेट, एवढंच उरलं. पहिल्या मजल्यावरचा टॅक्सीवाला म्हणाला, "मी तर म्हणतो, मामाने इतकी वर्षं आपल्याला मामाच बनवलं!"

हशा पिकला. सिस्टरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती मान खाली घालून बसून राहिली.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. त्या कधी मीटिंगमध्ये बोलत नसत. "सिस्टर, एक विचारू? राग मानू नका. पोरांना अभ्यासाला नेट लागतं, सासूबाईंना मालिका लागतात. दोन्हीकडे भरता भरता माझं कंबरडं मोडतं. तुमच्या घरचा माणूस आहे, तुम्हाला आतलं माहीत असणार. खरं सांगा, कंपनीकडे गेलं तर माझे पैसे वाचतात का?"

सगळ्या माना सिस्टरकडे वळल्या. सेक्रेटरी बायकोकडे बघत होते आणि मानेनेच नको म्हणत होते. काहीही बोलू नकोस, एवढाच त्याचा अर्थ.

"वाचतात," सिस्टर म्हणाली.

"नक्की?"

"नक्की वाचतात."

लगेच मतं घेतली. कंपनीच्या बाजूने हात वर झाले, त्यात सिस्टरचाही होता. तो कधी वर गेला ते तिलाच कळलं नाही, पण गेला, आणि तिने तो खाली घेतला नाही. महिनाअखेरपर्यंत केबल चालू ठेवायची, मग कंपनीचं कनेक्शन, असं ठरलं.

संध्याकाळी भाऊ आला. या वेळी आत येऊन खुर्चीत बसला. निकाल त्याला रस्त्यातच कळला होता.

"जाऊ दे," तो म्हणाला. "लोकांचं काय, ज्याच्या हातात पळी त्याच्याभोवती गोळा होणारच. भाऊजींची अडचण मला समजते, त्यांना सांगावंच लागलं. पण ताईचा एक हात तरी माझ्या बाजूने होता, तेवढं पुरे."

सिस्टरने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने चहाच्या कपाकडे बघितलं.

"चहा थंड होतोय," सेक्रेटरी म्हणाले.

भाऊ गेल्यावर ती म्हणाली, "त्याला सांगायला हवं."

"कशाला? झालं ते झालं. त्याला तेवढंच समाधान, तेही काढून घेणार का?"

तिला ते पटलं नाही, पण तिने तेच केलं. रोज ठरवायची, आज फोन करून सांगू. रोज फोन हातात घ्यायची आणि विचारायची, "जेवलास का?" तो भरभरून बोलायचा. कोण कोण उलटलं, कुणाकुणाचं त्याने फुकटात दुरुस्त करून दिलं होतं. आणि प्रत्येक वेळी शेवटी, "आपलं माणूस ते आपलंच गं." वॉर्डात एका पेशंटला तिने दोनदा तेच विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी तिच्याकडे वळून बघितलं.

महिना संपायला अजून अवकाश होता, तेव्हा एका दुपारी शिवणकामवाल्या बाई धापा टाकत तिच्या दारात आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच.

"सिस्टर, गच्चीवर चला! मामा त्या कंपनीच्या माणसाला मारतोय. सेक्रेटरी कामावर आहेत, दुसरं कुणी नाही वर!"

सिस्टर अनवाणीच जिना चढली. गच्चीचं लोखंडी दार उघडं होतं. टाकीच्या पलीकडे, जिथे सगळ्या वायरी कठड्यावरून खाली सोडलेल्या होत्या, तिथे भावाने एका चाळिशीतल्या माणसाची कॉलर दोन्ही मुठींत धरली होती आणि त्याला मागे, कठड्यावर रेटत होता. कठडा जेमतेम कंबरेएवढा. त्या माणसाची कंबर कठड्यावर वाकली होती, एक पाय जमिनीवरून सुटला होता. पायातली चप्पल निसटून कठड्याबाहेर गेली आणि खाली कुठेतरी आपटल्याचा आवाज आला. त्याचा जोडीदार हात पसरून दोन पावलांवर उभा होता. मध्ये पडला तर धक्का लागेल, आणि नाही पडला तर माणूस हातचा जाईल, अशी त्याची गत झाली होती. पायाशी कापलेली काळी वायर पडलेली.

"कुणाला विचारून कापलीस?" भाऊ ओरडत होता. "महिनाअखेरपर्यंत माझी मुदत आहे! बोल, कुणाला विचारलंस?"

"चुकून... अहो, सगळा गुंता... कुठली कुणाची कळेना..."

"हात काढ," सिस्टर म्हणाली. वॉर्डात वापरायची तो आवाज तिने लावला. ओरडली नाही. "सोड त्याला."

"ताई, तू लांब हो!" त्याने मान वळवली नाही. "तुला नाही कळायचं. सगळ्यांनी मिळून माझं पोट कापलं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तू एकटी..."

"मीपण हात वर केला होता."

त्याने मान वळवली.

"काय?"

"कंपनीसाठी. मीटिंगमध्ये. मीपण हात वर केला."

तो तिच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, कुणी अनोळखी भाषेत बोलल्यासारखं काहीतरी होतं. मुठी जराशा सैल झाल्या. तेवढ्यात सिस्टर पुढे झाली, तिने त्या माणसाच्या कंबरेचा पट्टा घट्ट धरला आणि सगळा भार मागे टाकून त्याला आत ओढलं. जोडीदारानेही दंड धरला. तिघंही गच्चीवर आडवी झाली.

तिने आधी त्या माणसाचा गळा बघितला, मान हलवून बघितली, पाठीवरून हात फिरवला. खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. तो जोरजोरात श्वास घेत होता.

"का?" भाऊ म्हणाला. तो कठड्याला टेकून उभा होता.

"बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, पैसे वाचतात का. वाचतात. खोटं बोलता आलं नाही मला." ती थांबली. "आणि आमचेही वाचतात. हे पण खरं आहे."

"हात वर केलास तो केलास. तुझं घर आहे, तुझी अडचण आहे. पण मी रोज फोनवर बडबडत होतो, ताई. रोज. तू ऐकून घेतलंस."



जोडीदाराने खिशातून फोन काढला होता. "पोलिसांना बोलावतो. हा काय प्रकार झाला? जीव गेला असता!"

पडलेल्या माणसाने त्याचा हात खाली केला. "ठेव तो." मग घसा साफ करून म्हणाला, "आमचंही चुकलंच. सेक्रेटरींना फोन करून विचारायला हवं होतं. गुंता दिसला आणि कंटाळा केला. माझी तेवढी चप्पल खालून आणा."

चप्पल आणायला शिवणकामवाल्या बाई खाली गेल्या. त्या इतका वेळ दारातच खिळून उभ्या होत्या. भाऊ वाकला, कापलेली दोन टोकं उचलली, पक्कडीने सोलली आणि जोडायला बसला. अर्धवट जोडून तो थांबला, कितीतरी वेळ टोकांकडे बघत राहिला, आणि त्याने जोड पुन्हा सोडवला.

"आता कशाला," तो स्वतःशीच म्हणाला.

मग त्याने कठड्यावरून आपली एकेक वायर वर ओढायला सुरुवात केली. कोपर आणि अंगठ्यामध्ये गुंडाळत, घाई न करता. सिस्टर पुढे झाली तर म्हणाला, "राहू दे." तासाभरात तो सगळी भेंडोळी घेऊन गेला. खालच्या मजल्यांवरून "मामा, टीव्ही गेला" अशा हाका आल्या. त्याने एकाही हाकेला ओ दिली नाही.

त्यानंतर तो बहिणीकडे आला नाही. फोन उचलायचा नाही. सेक्रेटरी एकदा त्याच्या दुकानावर जाऊन आले, तर म्हणाला, "भाऊजी, तुमच्यावर राग नाही," आणि कामाला लागला. उरलेल्या दोन बिल्डिंगींपैकी एक त्याच्या हातून गेली, एक टिकली. तिथे म्हातारी माणसं जास्त होती आणि त्यांना एक बटण दाबलं की लागणारा टीव्ही हवा होता. इकडे बिल्डिंगमध्ये पैसे वाचले हे खरंच. मालिकेच्या ऐन रंगात पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं की शिव्या सेक्रेटरींना बसायच्या, हेही खरं. शिवणकामवाल्या बाईंनी सिस्टरचे दोन ड्रेस न मागता शिवून दिले आणि पैसे घेतले नाहीत. सिस्टरला ते ड्रेस अंगावर घालवेनात.

मग एका सकाळी इस्पितळात इंजेक्शनच्या रांगेत तो दिसला. कुठल्याशा छपरावर गंजका खिळा तळपायात घुसला होता. रांग सरकत सरकत तिच्याच खोलीत आली. तिने जखम धुतली, पट्टी बांधली आणि सुई भरली.

"दुखेल?" त्याने विचारलं.

"हो. दंड दोन दिवस भरून येईल."

"बरं," तो म्हणाला आणि बाही वर केली.

तिने सुई टोचली. कापूस दाबून धरताना तिचा हात त्याच्या दंडावर जरा जास्तच वेळ राहिला. त्याने तो बाजूला केला नाही.

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी. तू चहा पीत होतास तेव्हा."

"हं." तो बाही खाली करत राहिला. "सांगितलं असतंस तर मी चहा टाकून गेलो असतो. पण चार दिवसांनी परत आलो असतो."

"आणि आता?"

बाहेरून पुढच्या नंबरची हाक आली. तो उठला, लंगडत दारापर्यंत गेला. "आता पाय बरा होऊ दे," तो म्हणाला. "तुमचे जिने चढवत नाहीत."

"मग मी येते खाली. तुझ्या दुकानावर."

जाता जाता त्याने मान डोलावली. सिस्टरने पुढच्या पेशंटला आत घेतलं.