झाकणाशेजारची खुंटी

सासऱ्याचा राग नाकाच्या शेंड्यावर आणि जावयाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अशा दोघांची गाठ एकाच जहाजावर पडावी, याला नशीबच म्हणायचं. सासरा गोदीतला वेल्डर, जावई त्याच युद्धनौकेवरचा, म्हणजे विनाशिकेवरचा खलाशी. विनाशिकेवर नवी क्षेपणास्त्रं चढत होती. शत्रूच्या जहाजांवर मारायची, शिवाय थेट जमिनीवरही. त्यांच्या नळकांड्यांखालच्या चिंचोळ्या खोलीत सासरा पोलाद जोडायचा आणि ठिणगीने आग लागू नये म्हणून वर झाकणापाशी जावई राखण करत उभा असायचा. सासऱ्याचं या कामात मन नव्हतं. सकाळचे दोन सांधे त्याने असेच उरकले होते, असल्या कामाला एवढं पुरे म्हणून.

नियम सोपा होता. आत उतरताना आपला पितळी बिल्ला झाकणाशेजारच्या खुंटीला अडकवायचा, बाहेर आलं की काढायचा. खुंटी रिकामी, म्हणजे खोली रिकामी.

चहाच्या सुट्टीत भांडण पेटलं. लेकीला सातवा महिना लागलेला. जावयाला किनाऱ्यावर बदली मिळत होती आणि हा शहाणा नको म्हणत होता.

"आजवर हे जहाज राखण करायचं," सासरा म्हणाला. "आता लोकांच्या घरापर्यंत मारणार. मग तेही आधी ह्यालाच शोधणार. एवढं कळत नाही तुम्हाला, जावईबापू?"

"मामा, मी नाही गेलो तर दुसऱ्या कुणाचा तरी जावई जाईलच ना?"

सासऱ्याचा पारा चढला. "मी चाललो घरी!" म्हणत बिल्ला खिशात कोंबून तो तरातरा निघाला. जिन्यापाशी आठवलं, चष्मा आतच राहिला. परत आला तर जावई कप ठेवायला गेलेला. रागाच्या भरात बिल्ला खिशातच राहिला आणि सासरा आत उतरला.

चष्मा कोपऱ्यात घरंगळला होता. तो चाचपडत असतानाच वरचा उजेड गेला आणि बोल्ट आवळल्याचा आवाज आला.

"अहो! मी आहे आत!"

डेकवर ग्राइंडर किंचाळत होता. त्याने हातोडीने भिंत बडवली. वरच्या ठोकाठोकीत तेही कुणाला ऐकू गेलं नाही. खांदे दोन्ही भिंतींना टेकत होते. शिव्यांचा साठा आधी जावयावर, मग स्वतःवर रिकामा झाला. नातवंडाचं तोंड न बघताच मरायचं, तेही स्वतः जोडलेल्या पेटीत! तो चक्क रडला.

झाकण उघडलं तेव्हा जावयाचा चेहरा पांढराफटक पडला होता. झाकण लावल्यावर सासऱ्याची समजूत घालायला तो गोदीच्या फाटकापर्यंत धावला होता. पहारेकरी म्हणाला, तुमचे मामा बाहेर आलेच नाहीत.

"मामा, खुंटी रिकामी होती, म्हणून मी..."

"चूक माझीच." सासरा बाहेर येऊन धापा टाकत बसला. मग झाकणाकडे बघत त्याने विचारलं, "क्षेपणास्त्र सुटताना ह्या झाकणाचं काय करतात?"

"बंद करतात. बाहेरून."

"आणि आत कोण असतं?"

"यंत्र बघायला एक जण लागतो," जावई खाली बघत म्हणाला. "मी असतो."

सासऱ्याला सकाळचे दोन सांधे आठवले. घरी जायचं राहिलं. त्याने खिशातून बिल्ला काढला, खुंटीला अडकवला आणि ओढून पाहिला.

"परत आत? आता कशाला, मामा?"

"दोन सांधे कापून पुन्हा जोडायचेत." सासऱ्याने पाय आत सोडले. "अन् तू हलू नकोस इथून, पोरा."